अवरक्त स्पेक्ट्रोग्राफ, तोही खिशाला परवडणारा: आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड एमआयडीसीत माझं टूलरूमचं छोटं शेड आहे. दिवसा पंपाचे पार्ट आणि द्राक्षावर फवारणाऱ्या ब्लोअरचे नोझल, रात्री हा उद्योग. आम्ही चौघं आहोत: फिजिक्स शिकवणारे एक सर, घरोघरी फायबर ओढणारा एक केबलवाला मित्र, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली एक मुलगी आणि मी. अमावास्येजवळच्या शनिवारी जत तालुक्यातल्या एका माळावर दुर्बीण लावतो. बघायला माणसं येतात, पोरं येतात, एकदा ग्रामसेवक भाऊसाहेबही आले होते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

तुम्ही नेमकं बनवताय काय?

ताऱ्याचा प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून त्याचा फोटो काढणारी पेटी. पुस्तकात तिला वर्णपटलेखक म्हणतात, आम्ही स्पेक्ट्रोग्राफच म्हणतो. आमची पेटी डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात काम करते, तेही १.५२ ते १.५४ मायक्रॉन एवढ्या अरुंद पट्ट्यात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चपलांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी आहे. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह, म्हणजे बाह्यग्रह, ज्या पद्धतीनं शोधतात तीच पद्धत कमी पैशात कुठवर नेता येते, हे आम्हाला बघायचं आहे.

त्यातून तो ग्रह दिसतो का?

नाही. मोठ्या वेधशाळांनाही बहुतेक वेळा ग्रह दिसत नाही, ताराच दिसतो. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार लांबून बघितलाय? गोफणीतला दगड दिसत नाही, पण राखणदाराचं अंग मागंपुढं होताना दिसतं. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही असाच डुलतो. तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे पसरवलेल्या प्रकाशातल्या, बारीक काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, लांब जाताना तांबड्या बाजूला. हा डॉप्लर परिणाम. ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी १९९५ मध्ये असाच पकडला, आणि त्यासाठी २०१९ चं नोबेल मिळालं. त्यांची दुर्बीण फ्रान्समधली, १.९३ मीटरची. जगातल्या मोठ्या दुर्बिणींपुढं ती मध्यमच म्हणायची. कमाल स्पेक्ट्रोग्राफची होती.

डुलणं मोजायला इतकं अवघड काय?

आकडेच बघा. ५१ पेगासीचा तारा सेकंदाला सुमारे ५६ मीटरनं डुलतो, म्हणजे ताशी २०० किलोमीटर. गुरू आपल्या सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटरनं डुलवतो, पण एक फेरी व्हायला बारा वर्षं लागतात. पृथ्वी सूर्याला डुलवते सेकंदाला फक्त ९ सेंटिमीटरनं. मुंगी नव्हे, पण कासवाची चाल समजा.

आता आमच्या पेटीत कॅमेऱ्याचा एक पिक्सेल १५ मायक्रॉनचा, आणि तो सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाएवढा. म्हणजे १ मीटरचा वेग मोजायचा तर रेष पिक्सेलवर किती सरकणार? अडीच नॅनोमीटर. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. शेडमध्ये मायक्रोमीटरवर एक शतांश मिलिमीटर गाठला तर आम्ही चहा पितो. हे त्याच्या चार हजार पट बारीक आहे.

एका रेषेवरून हे जमत नाही. शेकडो-हजारो रेषांची सरासरी काढतात, म्हणूनच मोठ्या यंत्रांना रुंद वर्णपट लागतो. आमच्याकडे तो नाही. का नाही, ते पुढं येईल.

अवरक्तच का? साध्या प्रकाशात काय वाईट आहे?

वाईट काहीच नाही, निम्म्याहून अधिक काम तिथंच झालं. पण आपल्या आकाशगंगेतले दहापैकी सात तारे लाल बटू आहेत: लहान, मंद, तीन हजार केल्विनच्या आसपास तापलेले. सूर्य सर्वांत जास्त प्रकाश अर्ध्या मायक्रॉनपाशी देतो, लाल बटू एक मायक्रॉनपाशी. त्यांचा खरा उजेड आपल्या डोळ्यांच्या पलीकडेच पडतो.

आणि लाल बटूंचा दुसरा फायदा मोठा आहे. तारा हलका असल्यामुळे ग्रह त्याला जास्त डुलवतो. तारा थंड असल्यामुळे पाणी द्रवरूपात राहील असा पट्टा त्याच्या अगदी जवळ येतो, फेरी काही दिवसांत संपते. प्रॉक्झिमा सेंटॉरी हा सूर्य सोडला तर आपला सर्वांत जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवर. त्याचा ग्रह २०१६ मध्ये सापडला. फेरी ११.२ दिवसांची, डुलणं सेकंदाला सव्वा-दीड मीटर. आयर्विन पुलावरून संध्याकाळी फिरायला निघालेल्या माणसाची चाल. पृथ्वीच्या ९ सेंटिमीटरशी तुलना करा, मग कळेल सगळे लाल बटूंच्या मागं का लागलेत.

मोबाइलचा कॅमेरा अवरक्त बघतो म्हणे. मग तोच लावा की!

थोडं बघतो, खरं आहे. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, जांभळट ठिपका लुकलुकेल. तो ०.९४ मायक्रॉनचा प्रकाश. पण मोबाइलची चिप सिलिकॉनची, आणि १.१ मायक्रॉनच्या पुढं सिलिकॉन काचेसारखं पारदर्शक होतं. प्रकाश आरपार जातो, चिपला पत्ताच नाही. पुढं जायचं तर दुसरा पदार्थ लागतो: इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड, जो १.७ मायक्रॉनपर्यंत बघतो, किंवा मर्क्युरी-कॅडमियम-टेल्युराइड, जो त्याच्याही पुढं जातो.

पहिल्या प्रकारचा कॅमेरा आला त्या दिवशी आम्ही तारे बघितले नाहीत, पाऊसच चालू होता. टेबलावर हिरव्या द्राक्षाचा घड आणि मूठभर बेदाणा ठेवला आणि १.४५ मायक्रॉनचा फिल्टर लावला. द्राक्षं डांबरासारखी काळी. बेदाणा करडा-पांढरा. ग्लासातलं पाणी म्हणजे शाई. या तरंगलांबीला पाणी प्रकाश गिळतं, एवढाच त्याचा अर्थ. पण तासगावच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याला हे दाखवलं तेव्हा त्यांनी ग्रहांबद्दल एक शब्द विचारला नाही, ‘ओलावा मोजता येईल का’ एवढंच विचारलं. येतो. धान्य, प्लास्टिक आणि सुकामेवा निवडणाऱ्या यंत्रांत हेच कॅमेरे असतात, आणि त्या बाजारामुळंच ते आमच्या आवाक्यात आले.

मग एवढे पैसे जातात कशात?

तीन ठिकाणी. चिप, थंडावा आणि आकार.

वेधशाळांत मर्क्युरी-कॅडमियम-टेल्युराइडची हवाई-२आरजी नावाची चिप वापरतात, २०४८ बाय २०४८ पिक्सेलची. एका चिपची किंमत कोटीत जाते. तिची लायकीही तेवढी आहे: अंधारात शंभर सेकंद ठेवली तरी एका पिक्सेलमध्ये आपोआप जमणारे इलेक्ट्रॉन हाताच्या बोटांवर मोजावेत. आमच्या कॅमेऱ्यात ते सेकंदाला शेकड्यांनी जमतात.

थंडावा यासाठी, की अवरक्तात प्रत्येक वस्तू स्वतःच चमकते. पेटी, लेन्स, स्क्रू, सगळं. हवाई बेटांवरच्या स्पिरू यंत्राला २.३५ मायक्रॉनपर्यंत बघायचं असतं, म्हणून ते आतून उणे दोनशे अंशांपर्यंत थंड ठेवतात. टेक्सासमधल्या १० मीटरच्या हॉबी-एबर्ली दुर्बिणीवरचं एचपीएफ हे यंत्र १.२८ मायक्रॉनवरच थांबतं, त्यामुळं त्याला उणे ९३ अंश पुरतात. किती पुढं बघायचं यावर किती थंड करायचं हे ठरतं, आणि खर्च तिथंच फुगतो.

आणि आकार. हा मुद्दा लोक सोडून देतात, पण आमच्या मते सगळी गोम इथं आहे. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

स्पेक्ट्रोग्राफ लहान कसा झाला?

वातावरणामुळं तारा दुर्बिणीत ठिपका दिसत नाही, धूसर गोळा दिसतो. चांगल्या माळावरही दोन आर्कसेकंदांचा धरा (एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक आर्कसेकंद). या गोळ्याचा सगळा प्रकाश आत घ्यायचा तर दुर्बीण जेवढी मोठी, तेवढा स्पेक्ट्रोग्राफच्या आतला झोत रुंद ठेवावा लागतो. वीस हजार विभेदनक्षमता (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवायची ताकद) हवी, ग्रेटिंग (प्रकाश पसरवणारी, बारीक रेघा कोरलेली पट्टी) ६३ अंशांत तिरकी आहे असं धरून आमच्या सरांनी फळ्यावर गणित मांडलं: अर्ध्या मीटरच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटर रुंद झोत लागतो, २ मीटरच्या दुर्बिणीला ९७ मिलिमीटर, १० मीटरच्या दुर्बिणीला जवळजवळ अर्धा मीटर. झोत चौपट झाला की आरसे, लेन्स, ग्रेटिंग, पेटी, सगळंच चौपट, आणि वजन नि किंमत किती पट होते ते मशीनिंग करणाऱ्या कुणालाही विचारा.

यातून सुटायचा एक मार्ग आहे. प्रकाश सिंगल-मोड फायबरमध्ये घालायचा. या फायबरचा गाभा जेमतेम ८-९ मायक्रॉनचा असतो, त्यातून प्रकाश एकाच आकारात बाहेर पडतो, पुढं दुर्बीण काहीही असो. मग झोत किती रुंद हवा हे दुर्बिणीवर अवलंबून राहतच नाही. आमच्या आकड्यांना आठ मिलिमीटर पुरतो! बोटाएवढा. सगळं सैल ठेवून आम्ही बारा घेतला. कॅटलॉगमध्ये मिळणारी साधी २५ बाय ५० मिलिमीटरची एशेल ग्रेटिंग, मिलिमीटरला ३१.६ रेषांची, पुरून उरली. कॅमेऱ्याची लेन्स २०० मिलिमीटरची. झाला स्पेक्ट्रोग्राफ.

आणि हे फायबर म्हणजे कोणतं? तुमच्या घरी इंटरनेट येतं तेच. १.२६ मायक्रॉनच्या पुढं ते सिंगल-मोड असतं, १.५५ ला त्यात प्रकाश सर्वांत कमी वाया जातो. जाड फायबरमध्ये प्रकाशाचे अनेक आकार एकमेकांत मिसळून रेषा थरथरल्यासारख्या दिसतात, मोठ्या वेधशाळा तो त्रास कमी करायला फायबर सतत हलवत ठेवतात. आमच्याकडं तो प्रश्नच नाही. दोनशे रुपयांची पॅचकॉर्ड!

यात काही फसवणूक असणारच. काय गमावलं?

बरोबर ओळखलंत. धूसर गोळा नऊ मायक्रॉनच्या भोकात बसत नाही. मोठ्या दुर्बिणीवर ते करायचं तर ताऱ्याची थरथर दर सेकंदाला शेकडो वेळा सुधारणारा लवचिक आरसा लागतो, आणि तो आला की आमच्या खर्चाचं गणितच कोसळलं.

पण इथं अवरक्त आपल्या बाजूनं आहे. हवेतल्या ज्या एकसंध तुकड्यातून लाट न बिघडता येते, त्याची रुंदी दृश्य प्रकाशात, दोन आर्कसेकंदांच्या आकाशाला, ५ सेंटिमीटर असते. १.५५ मायक्रॉनला तीच २० सेंटिमीटर होते. म्हणजे आठ इंची दुर्बिणीला अवरक्तात तारा जवळजवळ नीट दिसतो, फक्त जागेवर नाचतो. नाच थांबवायला एक छोटा हलता आरसा पुरतो. म्हणून आमची दुर्बीण आठ इंचीच आहे. लोक विचारतात, मोठी का घेत नाही. मोठी घेतली तर फायबरमध्ये त्या प्रमाणात प्रकाश वाढणार नाही, नुसतं ट्रायपॉडचं वजन वाढेल. जास्त प्रकाश हवा असेल तर लहान दुर्बिणी वाढवायच्या. ॲरिझोनातल्या मिनर्व्हा प्रकल्पानं ७० सेंटिमीटरच्या चार दुर्बिणी फायबरनं एकाच स्पेक्ट्रोग्राफला जोडल्या आहेत. आमच्या डोक्यात तसंच काहीतरी आहे, फक्त एक शून्य कमी करून.

एवढं करूनही ताऱ्याचा निम्म्याहून जास्त प्रकाश फायबरच्या बाहेरच सांडतो. तो सोडायचा हे आम्ही आधीच ठरवलं. स्वस्त यंत्र म्हणजे स्वस्तातले भाग आणून जोडणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. आमचा अनुभव वेगळा आहे: काय काय सोडून द्यायचं याची यादी आधी करा, मग भाग आपोआप स्वस्त होतात.

फायबर जोडणं सोपं असतं का?

केबलवाल्याला. आम्हाला नव्हतं. पहिल्या रात्री जतला तीन तास गेले, स्क्रीनवर काही नाही. तारा फायबरवर आहे, कॅमेरा चालू आहे, तरी कोरडं. सरांनी ग्रेटिंगवर संशय घेतला, मी माझ्याच ब्रॅकेटवर. साडेबाराच्या सुमारास केबलवाला मित्र बिल वसुली आटोपून मोटारसायकलवर आला, टॉर्च मारला आणि हसायलाच लागला. एका बाजूचा कनेक्टर हिरवा होता, दुसऱ्या बाजूचा निळा. हिरव्याचं तोंड आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोघं एकमेकांना टेकतच नाहीत, मध्ये फट राहते. त्यानं खिशातली पॅचकॉर्ड काढून बदलली, टोक पुसलं आणि स्वाती ताऱ्याचा वर्णपट आला. ‘हे तर मी गिऱ्हाइकाला फोनवर सांगतो,’ म्हणाला.

त्याचाच आणखी एक उपयोग: फॉल्ट शोधायचं लाल लेझरचं पेन. ते फायबरच्या स्पेक्ट्रोग्राफकडच्या टोकातून उलटं सोडायचं, म्हणजे दुर्बिणीच्या बाजूला फायबर नेमकं कुठं बघतंय तिथं लाल ठिपका उमटतो. तारा त्या ठिपक्यावर आणून ठेवायचा. लाखभर रुपयांचं अलाइनमेंटचं सामान वाचलं.

वेल्डिंगचा गॅस तुम्ही कशाला वापरता?

मोजपट्टी म्हणून. ॲसिटिलीन १.५१ ते १.५४ मायक्रॉनमध्ये बारीक, ठरलेल्या जागी रेषा देतो. टेलिकॉमवाले आपली लेझर त्यावरच तपासतात. काचेच्या नळीत हा गॅस कमी दाबानं भरून ती फायबरच्या आधी ठेवली, की ताऱ्याच्या प्रकाशावर ॲसिटिलीनच्या रेषांचा छाप पडतो. मग आमची पेटी तापली, वाकली, सरकली तरी चालतं, कारण पट्टीही तिच्यासोबतच सरकते. ताऱ्याच्या रेषा पट्टीच्या तुलनेत किती हलल्या, तेवढंच बघायचं. दृश्य प्रकाशात हीच युक्ती आयोडीनच्या वाफेनं करतात. वेधशाळा वापरतात तो लेझर कॉम्ब, म्हणजे कंगव्याच्या दातांसारख्या सारख्या अंतरावर रेषा देणारं लेझर, आमच्या सात पिढ्यांना परवडणार नाही. आम्ही १.५२ ते १.५४ हा पट्टा का निवडला, याचं उत्तरही हेच: ताऱ्यांच्या चांगल्या रेषा इतरत्र जास्त आहेत, पण पट्टी इथं आहे.

एक धोक्याची सूचना. वेल्डिंगच्या डीए सिलिंडरमधून नळी भरायचा विचारही करू नका. त्यात गॅस ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवलेला असतो, वाफा मिसळतात, आणि दाबाखाली ॲसिटिलीन स्वतःच फुटू शकतो. कार्बाइडवर पाणी टाकूनही तोच गॅस निघतो (आंबे पिकवायला बंदी असूनही काही जण वापरतात तेच), तोही प्रयोग नको. सीलबंद नळी विकत मिळते, तीच घ्या.

लिक्विड नायट्रोजन सांगलीत कुठं मिळणार?

मिळतो, गावोगावी. जनावरांच्या डॉक्टरांकडं कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कंटेनरमध्ये असतात, त्यात लिक्विड नायट्रोजनच असतो, उणे १९६ अंशांचा. पण आम्हाला लागत नाही. आम्ही १.७ मायक्रॉनच्या पुढं बघतच नाही, कॅमेऱ्यातलं विजेवर चालणारं पेल्टियर चिप थंड करतं, तेवढ्यावर भागतं. इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा अंधारातला कचरा, म्हणजे ते आपोआप जमणारे इलेक्ट्रॉन, थंड करताना दर सात-आठ अंशांना निम्मा होतो.

तापमान सांभाळायला एसी लावलाय का?

उलट. तापवतो. हवेचं तापमान एका अंशानं बदललं तर तिचा अपवर्तनांक दहा लाखांत एक भाग बदलतो. ऐकायला क्षुल्लक, पण वेगात ती चूक सेकंदाला ३०० मीटरची. दाब एक मिलिबार बदलला तर ८० मीटर. ॲल्युमिनियमची फूटभर प्लेट अंशागणिक सात मायक्रॉन वाढते, म्हणजे अर्धा पिक्सेल. म्हणून खरी यंत्रं निर्वात टाकीत ठेवतात आणि अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत तापमान धरून ठेवतात.

आमच्याकडं टाकी नाही, थर्माकोलची दुहेरी भिंत आहे. थंड करण्यापेक्षा तापवणं स्वस्त, म्हणून बाहेरच्यापेक्षा जास्त तापमान धरायचं ठरवलं आणि अंडी उबवायच्या इनक्युबेटरचा कंट्रोलर लावला. साडेसदतीस अंश! लावला त्या रात्री कॅमेऱ्यावर पांढुरकं धुकं पसरलं. तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की पेटीच आता चमकतेय. आमचा अरुंद फिल्टर फायबरच्या तोंडाशी होता, त्यामुळं त्याच्या पुढच्या गरम भिंतींचा सगळा उजेड थेट चिपवर. फिल्टर काढून कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसवला, धुकं गेलं. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या खिडकीवर दव धरायचं, त्यावर उपाय म्हणून टायरवाल्याकडचा नायट्रोजन भरला. कोरडा असतो. तो हसला, पैसे घेतले नाहीत.

घड्याळ एवढं अचूक का लागतं?

कारण आपण स्वतःच पळतोय. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरनं जाते, आणि तिच्या स्वतःभोवती फिरण्यामुळं सांगलीचा माणूस सेकंदाला ४४५ मीटरनं पूर्वेकडं जातो. हे सगळं वजा करावं लागतं. फोटोची वेळ अर्ध्या मिनिटानं चुकली तर एवढ्यानंच सेकंदाला एक मीटरची चूक होऊ शकते. जीपीएसचं घड्याळ लावा, विषय संपला.

सांगली-साताऱ्याचं आकाश या कामाला कसं आहे?

कृष्णाकाठ वाईट, पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा बरा. जत, आटपाडी, साताऱ्यातलं माण-खटाव, इथं पाऊस कमी, ढग कमी, दिवे कमी. शेतकऱ्याच्या नशिबाला जे वाईट, ते दुर्बिणीला चांगलं. हंगामात उसाचं पाचट पेटवतात तेव्हा धूर इकडेही येतो. महाबळेश्वर उंच आहे म्हणून लोक सुचवतात, पण तिथल्या धुक्यात दुर्बीण नेणं म्हणजे ती धुवायला नेण्यासारखं आहे. हवेतली वाफ १.४ आणि १.९ मायक्रॉनचे पट्टे जवळजवळ बंद करते. आमचा पट्टा दोन्हींच्या मधल्या खिडकीत येतो.

खऱ्या अर्थानं चांगली जागा म्हणजे लडाखमधलं हानले, साडेचार हजार मीटरवर. तिथल्या २ मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवर टीआयएफआर या संशोधन संस्थेचं टिरस्पेक हे अवरक्त यंत्र आहे. उत्तराखंडात देवस्थळच्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर टॅनस्पेक आहे. हे दोन्ही कमी विभेदनक्षमतेचे. ताऱ्याचं डुलणं मोजायचं काम आपल्याकडं अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेनं माउंट अबूच्या गुरुशिखरवर केलं: १.२ मीटरच्या दुर्बिणीवर पारस, नंतर २.५ मीटरवर पारस-२. हे दृश्य प्रकाशातले आहेत, आणि त्यांनी ग्रहही शोधलेत.

या भागात पूर्वी कुणी असं काही केलंय?

हा प्रश्न एका शाळकरी मुलीनं विचारला, आणि तिच्यामुळं आम्ही शोधाशोध केली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला लेफ्टनंट जॉन हर्शेल स्पेक्ट्रोस्कोप घेऊन जमखंडीत उभे होते. जमखंडी म्हणजे सांगली-मिरजेसारखंच पटवर्धनांचं संस्थान, आज कर्नाटकात, आमच्या माळापासून फार लांब नाही. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांमधून त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या आहेत हे कळलं. त्याच दिवशी गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते. हेलियमचं नाव निघालं की आपल्याकडं विजयदुर्ग किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे आणि तिथून ग्रहण बघणारे इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर सांगतात, पण लॉकयर यांनी हेलियमची ती पिवळी रेष ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून पाहिली. जमखंडीचं मात्र कुणी सांगत नाही.

आणि हे जॉन हर्शेल कुणाचे नातू? विल्यम हर्शेल यांचे, ज्यांनी १८०० मध्ये प्रिझमच्या लाल रंगापलीकडं थर्मामीटर ठेवून अवरक्त प्रकाश शोधला. हे कळल्यावर त्या मुलीला आम्ही प्रिझम आणि तीन थर्मामीटर दिले. तिनं शाळेच्या गच्चीवर प्रयोग केला, पारा चढला.

तर मग, तुम्ही ग्रह शोधणार का?

या यंत्रानं नाही. स्वाती हा तारा अवरक्तात इतका तेजस्वी आहे की आम्हाला त्याचा वर्णपट काही सेकंदांत मिळतो. प्रॉक्झिमा याच पट्ट्यात त्याच्याहून हजार पट मंद आहे, त्याचे फोटॉन आमच्या कॅमेऱ्याच्या कचऱ्यात बुडून जातात. शिवाय ‘मित्र’ (आल्फा सेंटॉरी) या ताऱ्याशेजारचा तो प्रॉक्झिमा सांगलीतून क्षितिजाच्या जेमतेम दहा अंश वर येतो, उसाच्या तुऱ्यांमागं.

झालंय ते असं: दिवसा सूर्याचा प्रकाश फायबरमध्ये घेऊन त्याच्या पूर्व आणि पश्चिम कडा मोजल्या. सूर्य फिरतो, त्यामुळं दोन कडांच्या वेगात सेकंदाला सुमारे ४ किलोमीटरचा फरक असतो. आमच्या पिक्सेलच्या दोन-तृतीयांश. तो दिसला, पुन्हा पुन्हा दिसला. स्वाती, रोहिणी, ज्येष्ठा यांचे वर्णपट घेतले. पुढचं पाऊल जोडताऱ्यांचं, जिथं वेग किलोमीटरमध्ये बदलतात. अमेरिकेतल्या अपोजी सर्वेक्षणानं १.५१ ते १.७ मायक्रॉनमध्ये, २२,५०० विभेदनक्षमतेवर लाखो ताऱ्यांचे वेग मोजलेत, म्हणजे आमचा पट्टा आणि आकडे चुकीच्या रस्त्यावर नाहीत. ५१ पेगासीचे ५६ मीटर हे आमचं पंढरपूर आहे. अजून आळंदीतच आहोत.

खर्च किती आला?

कॅमेऱ्यातच निम्म्याहून जास्त गेला. नवा घेतला तर दहा-वीस लाखांच्या घरात जातो. आमचा जुना, एका निवड यंत्रातून काढलेला, कडेच्या दोन रांगा मेलेल्या. बाकी ग्रेटिंग, लेन्स, नळी, फिल्टर. यांत्रिक भाग माझ्या शेडमधले, त्यांचं बिल मी अजून कुणाला दिलेलं नाही.

डोळ्याला काही धोका?

ताऱ्याचा नाही. पण १.५५ मायक्रॉनचं लेझर दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच वाईट. चालू फायबरच्या टोकात कधी डोकावू नका, घरच्या इंटरनेटच्याही नाही. आणि दुर्बीण सूर्याकडं असताना तिच्याजवळ पोरांना एकटं सोडत नाही.

कॉलेजात असं करायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

दृश्य प्रकाशापासून. जुना वेबकॅम, सीडीचा तुकडा, ब्लेडच्या दोन पात्यांची फट. सूर्याच्या काळ्या रेषा दिसेपर्यंत थांबू नका. मग फायबर जोडायला शिका, त्यासाठी गावातल्या केबलवाल्याला एक दिवस चहा पाजा. अवरक्त कॅमेरा अगदी शेवटी. आमच्याकडं उलटं झालं, कॅमेरा आधी आला आणि आठ महिने कपाटात द्राक्षं बघत बसला.

बघायला यायचं असेल तर?

अमावास्येजवळचा शनिवार, नोव्हेंबर ते मे. स्वेटर आणा, जतच्या माळावर रात्री वारं कापतं. टॉर्चला लाल जिलेटीन लावा. आणि कुणाकडं हिरव्या कनेक्टरची पॅचकॉर्ड असेल तर घेऊन या, आमच्याकडची परवा बैलानं तुडवली.